बाई, आमची गल्ली कुणाची?

मागच्या महिन्यात या पानावर मी माझ्या इलेक्शन ड्युटीच्या गोष्टी सांगितल्या होत्या. महापालिकेच्या शाळेत शिकवत असताना डिसेंबर 1984 च्या लोकसभेपासून फेब्रुवारी 2017 च्या महापालिकेपर्यंत जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत शाईची बाटली माझ्या हातात होती. त्यावर पत्रं आली. दोघं तर पत्ता शोधत घरीच आले. चहा झाला आणि मग मूळ प्रश्न निघाला, 'बाई, तुम्ही एवढी वर्षं बूथवर बसलाव, पूर्व भाग नेमका कुणाचा ते सांगा की.'

बूथवरच्या बाईला फक्त बोटं दिसतात हो. मत दिसत नाही. पण मी याच पूर्व भागात जन्मले, घरी तेलुगू बोलते, भांडायचं झालं की मराठीत भांडते. त्यामुळं चार गोष्टी सांगू शकेन. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच, की पूर्व भाग म्हणजे भवानी पेठ, साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, दत्त नगर हा सगळा पट्टा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. पुरुष मिलमध्ये नाहीतर मागावर, बायका बिडीवर, अशी इथली घरं उभी राहिली.

प्रश्न : मी पुण्यात राज्यशास्त्र शिकतो. घर भवानी पेठेत. वर्गात सर म्हणाले, सोलापूरचा पद्मशाली समाज एकगठ्ठा भाजपला मत देतो. माझी आजी लाल बावट्याची, आजोबा शेवटपर्यंत पंजाचे, वडील कमळाचे. मग आमचं घर समाजात धरायचं की नाही? – र. बो.

धरायचं बाळा. मी तर म्हणेन तुझ्या घरालाच समाज म्हणायचं.

सरांचं अगदीच चुकलं असंही नाही. विधानसभेला शहर उत्तरमधून विजयकुमार देशमुख 2004 पासून कमळावर निवडून येतात. शहर मध्यही नोव्हेंबर 2024 ला देवेंद्र कोठ्यांच्या रूपानं भाजपकडं गेलं. यात आमच्या पेठांची मतं नाहीत असं कोण म्हणेल? आजचं वारं सर सांगतात त्याच दिशेचं आहे. माझी हरकत दोन शब्दांना आहे. एक 'एकगठ्ठा' आणि दुसरा 'देतो'. 'देतो' म्हटलं की सूर्य पूर्वेला उगवतो तसं वाटतं, जणू आधीही तसंच आणि पुढंही तसंच.

माझी पहिली ड्युटी 1984 ची. इंदिराबाईंना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. रांगेतल्या बायका डोळे पुसत पुढं सरकत होत्या आणि मी नवखी, शाई लावताना माझाच हात थरथरत होता. त्या वेळी गंगाधर कुचन काँग्रेसचे खासदार झाले, 1980 नंतर दुसऱ्यांदा. त्यानंतर 1989 आणि 1991 ला धर्मण्णा सादूल, तेही काँग्रेसचेच. दोघंही आमच्यातले, तेलुगू बोलणारे. तेव्हा तुझे सर असते तर म्हणाले असते, हा समाज एकगठ्ठा पंजाचा.

मग 1995 च्या विधानसभेला नरसय्या आडम मास्तर निवडून आले, विळा-हातोडा-ताऱ्यावर. ते 1978 मध्येही आमदार होते. तेव्हा सर म्हणाले असते, कामगार वस्ती, लाल बावटा. आणि त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षानं, 1996 च्या लोकसभेला, लिंगराज वल्याळ कमळावर खासदार झाले. आडम मास्तर आमचे, वल्याळही आमचे.

या सव्वा वर्षातली एक गोष्ट मी घरातच पाहिली. माझी अम्मा बिडी वळायची. रात्री पानं भिजवून ठेवायची, सकाळी कातरायची, मग मांडीवर सूप घेऊन बसली की संध्याकाळपर्यंत उठायची नाही. हजार झाल्या की कारखान्यात माल द्यायला जायचं. तिथं छाट निघायची. एवढ्या बिड्या खराब, म्हणून तेवढ्या वगळायच्या. छाट जास्त निघाली की अम्मा घरी येऊन कुणाशीच बोलायची नाही. या छाटीवरून, मजुरीवरून, फंडावरून भांडायला लाल बावट्याची माणसं यायची. म्हणून 1995 ला तिनं मास्तरांना मत दिलं, हे तिनं लपवलंही नाही. पुढच्या वर्षी लोकसभा आली. तिनं गल्लीतल्या बायकांसमोर सांगितलं की ह्या वेळेला कमळ.

मी म्हटलं, 'अम्मा, दोन्ही पक्ष एकमेकांचं तोंड बघत नाहीत.'

ती म्हणाली, 'नको बघू देत. मला कुठं त्यांचं लग्न लावायचंय?' मग समजावल्यासारखं म्हणाली, 'मास्तर कारखान्याच्या दारात पाहिजेत. दिल्लीला आपला एक माणूस जाऊ दे की.'

तिला सही येत नव्हती, अंगठा द्यायची. पण कुठलं मत कशासाठी याचा हिशेब तिच्याकडं चोख होता. असं करणारी ती एकटी नसणार. 2004 ला पुन्हा तेच झालं. उन्हाळ्यात लोकसभेला भाजपचे सुभाष देशमुख जिंकले आणि पावसाळा संपता संपता विधानसभेला आडम मास्तर. अगदी अलीकडचं बघ. मे 2024 मध्ये लोकसभेला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे 74 हजार मतांनी आल्या आणि सहा महिन्यांत त्यांनीच तीनदा जिंकलेलं शहर मध्य भाजपकडं गेलं. एक मात्र पेपरात लिहिताना विसरू नको. सोलापूर लोकसभेत मोहोळ, पंढरपूर-मंगळवेढा, अक्कलकोट, दक्षिण असं सगळं येतं. 2024 ला मोहोळ आणि पंढरपूरकडून काँग्रेसला मोठं लीड मिळालं आणि शहर उत्तरनं उलट कमळाला दिलं. खासदार कोण झालं यावरून पूर्व भागानं काय केलं ते ठरवता येत नाही.

आता लाल बावटा मागं का पडला? यावर तू प्रबंध लिहिशील, मी दिसलं ते सांगते. मिल एकामागून एक बंद पडल्या. भोंग्यावर उठणारी माणसं एकेका शेडमध्ये चार-आठ माग घेऊन विखुरली. मागावर मालक आणि कामगार यांच्यात कधी कधी एका भिंतीचंच अंतर असतं, कधी तर दोघं चुलतभाऊ असतात. तिथं संप करणार कुणाविरुद्ध? बिडीचंही तेच. एप्रिल 2016 पासून पाकिटावर 85 टक्के जागेत इशारा आला, पुढं जीएसटी 28 टक्के लागला, आणि काम आठवड्यात कमी दिवस मिळायला लागलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलींनीच सूप हातात घेतलं नाही. माझ्या वर्गातल्या पोरींना मी विचारायची, 'कुणाकुणाची आई बिडी वळते?' निम्म्यांचे हात वर. 'तुम्ही वळणार?' एकही नाही. मला आनंदच व्हायचा. पण युनियनची वही अशीच पातळ होत जाते. हिंजवडीत काम करणाऱ्या नातवाला छाट म्हणजे काय हे सांगावं लागतं. त्याला मंडळ आहे, मार्कंडेयाचा रथ आहे, मोबाइलवर दिवसभर येणारं देश-धर्माचं बोलणं आहे. त्यातून त्याचं मत तयार होतं. त्याला अडाणी म्हणणारे म्हातारे मला आवडत नाहीत. आपल्या वेळी आपलं मतही कुठल्यातरी सभेतल्या भाषणातूनच तयार झालं होतं.

आणि 'घर दिलं की मत मिळतं' असं सर म्हणाले तर त्यांना कुंभारीला घेऊन जा. बिडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं 10 हजार घरांची वसाहत झाली, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग किल्ल्या द्यायला आले. पुढं रे नगरची 30 हजार घरांची योजना झाली, 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदींनी त्यातली पहिली 15 हजार घरं दिली. दोन्हीच्या मागं आडम मास्तरांची धडपड. मध्यंतरी 2019 ला व्यासपीठावरून मोदींचं कौतुक केलं म्हणून त्यांच्याच पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून निलंबित केलं होतं. एवढं सगळं झाल्यावर नोव्हेंबर 2024 ला मास्तर पुन्हा उभे राहिले, आणि पडले. घरात राहणारी माणसं कृतघ्न झाली म्हणायचं का? तसं नाही. वसाहत शहराबाहेर कुंभारीला, मास्तर उभे शहर मध्यमधून, हा साधा नकाशा आहेच. शिवाय किल्ली हातात आली की माणूस पुढच्या गोष्टीकडं बघतो. घर झालं, आता पाणी कधी येणार?

प्रश्न : गेल्या वेळी निवडून आलेल्या एका नगरसेवकानं आम्हाला तोंडावर सांगितलं, 'तुमच्या गल्लीनं मला मत दिलं नाही, ड्रेनेजचं मला सांगू नका.' मतदान गुप्त असतं ना? याला कसं कळलं? – गल्लीतल्या सहा बायका, साखर पेठ

मत गुप्त असतं, बूथ गुप्त नसतं.

आधी मतपत्रिका होत्या. पेट्या फोडल्या की मतपत्रिका मोजून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचो आणि मग वेगवेगळ्या बूथचे गठ्ठे एकत्र मिसळायचे, अशी पद्धत होती. मी माझ्या आयुष्यात खरोखरचा मतांचा गठ्ठा पाहिला तो तेवढाच, रबर लावलेला. एकदा मिसळलं की साखर पेठेचं मत कुठलं आणि शेजारच्या पेठेचं कुठलं, देवालाही कळायचं नाही.

मशीन आली आणि हे गेलं. प्रत्येक बूथचं मशीन वेगळं मोजतात. टेबलासमोर जाळीपलीकडं प्रत्येक उमेदवाराचा माणूस वही घेऊन बसलेला असतो. अमुक बूथ, मला इतकी, त्याला इतकी. लोकसभा-विधानसभेला तर बूथवार आकडे नंतर सरकारी तक्त्यातही येतात, फॉर्म 20 म्हणतात त्याला. निकालानंतर आठ दिवसांत कार्यकर्त्यांच्या तोंडी असतं, 'अमुक शाळेच्या बूथनं आपल्याला मारलं.' अनेक मशीनची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर नावाचं यंत्र लावावं, असं निवडणूक आयोगानं 2008 मध्येच सुचवलं होतं. विधी आयोगानंही 2015 ला तशी शिफारस केली. ते काही आलं नाही. कुणाला नको असेल याचा अंदाज तुम्ही सहाजणी करू शकता.

पण त्या गृहस्थांचं बोलणं तरीही खोटं आहे. एका बूथवर हजार-बाराशे नावं असतात. त्यात तुमची गल्ली, मागची बोळ, समोरचा वाडा आणि पलीकडच्या दोन अपार्टमेंट. कमी मतं कुणाकडून पडली हे त्यांना कळायचा काहीही मार्ग नाही. ते अंदाजानं घाबरवतायत. पुढच्या वेळी भेटतील तेव्हा एवढंच विचारा, 'साहेब, आमच्या बूथवर तुम्हाला पडलेल्या मतांतली आमची सहा कुठली, ती दाखवा.' ड्रेनेजचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि सहाही जणींनी सह्या करा. नाहीतरी मार्च 2022 नंतर महापालिकेत प्रशासक होते. तेव्हा नगरसेवक नव्हते म्हणून ड्रेनेज तुंबायचं थांबलं नव्हतं.

प्रश्न : चार जणांच्या प्रभागात पॅनल टू पॅनल मतदान होतं का हो? आमच्याकडं म्हणतात, एकाला दिलं की चौघांना आपोआप जातं. – नीलम नगर

आपोआप काही जात नाही. अ, ब, क, ड या चार जागा, चारही ठिकाणी वेगळं बटण. फेब्रुवारी 2017 ला माझी शेवटची ड्युटी होती आणि दिवसभर माझा घसा याच वाक्यात गेला, 'आजोबा, अजून तीन राहिलेत.' चौथं दाबल्याशिवाय लांब शिट्टी वाजत नाही. एक आजोबा एकच बटण दाबून थेट गेटपर्यंत गेले. परत बोलावलं तर म्हणाले, 'माझा एकच माणूस उभारलाय, बाकीच्यांना मी ओळखत न्हाई.' त्यांना नोटाचं बटण दाखवलं. त्यांनी तीनदा दाबलं आणि तिसऱ्यांदा दाबताना हसले.

2017 चाच निकाल बघा : 102 जागांत भाजप 49, शिवसेना 21, काँग्रेस 14, एमआयएम 9, राष्ट्रवादी 4, बसप 4, माकप 1. भाजप पहिल्यांदाच एवढा मोठा झाला, पण 52 काही गाठले नाहीत. लोक दोन कमळं, एक धनुष्यबाण आणि एक शेजारचा पोरगा अशी भेळ करतात. गल्लीतलं नातं, मंडळाची वर्गणी, अंत्ययात्रेला कोण आलं होतं, टँकर कुणी पाठवला, हे सगळं त्या चार बटणांत येतं. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलेल्या शहरात टँकरला विचारसरणीपेक्षा जास्त किंमत असणारच. उजनीचं पाणी रोज देऊ हे वचन मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते मला पाठ्यपुस्तकातल्या कवितेसारखं चालीवर पाठ आहे.

प्रश्न : पाकीट घेतलं आणि भंडारा उचलून शब्द दिला. आता मत दुसऱ्याला दिलं तर पाप लागेल का? – नाव नको

पाकीट देणं गुन्हा आहे आणि घेणंही गुन्हा आहे, हे आधी. तुम्ही मला ते विचारलं नाही हे माझ्या लक्षात आलं.

राहिला भंडारा. जो माणूस गुन्हा करायला देवाला साक्षी बोलावतो, पापाचा हिशेब त्याच्यापासून सुरू होईल. पैसे परत करता आले तर करा. नाहीच जमलं तर मत तरी तुमचं तुम्ही द्या. पाकीट वाटणाऱ्यांनाही हे माहीत असतं, म्हणून तर ते एकाच गल्लीत तीन-तीनदा येतात. शब्दावर भरवसा असता तर एकदाच आले असते.

प्रश्न : तुम्ही तुमच्या समाजाचं लिहाल, पण आम्हा मुसलमानांना मात्र सगळे 'पतंगाची गठ्ठा मतं' म्हणतात. तुम्ही आमच्या भागात ड्युटी केली आहे. तुम्हीही तसंच म्हणणार का? – विजापूर वेस

नाही म्हणणार, भाईजान. तुमच्या घरात काय बोलतात ते मी सांगू नये, पण आकडे सगळ्यांसमोर आहेत, ते सांगते. शहर मध्यमध्ये 2014, 2019 आणि 2024 तिन्ही वेळा एमआयएमचा, म्हणजे पतंगाचा, उमेदवार दुसरा आला. म्हणजे पतंगाला मोठं मत आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिल्या दोन वेळा तिथं काँग्रेसच्या प्रणिती शिंदे जिंकल्या, आणि मुसलमान मताशिवाय शहर मध्यमध्ये काँग्रेस जिंकते असं कुणी गणित मांडून दाखवावं. एकाच मोहल्ल्यात पंजा आणि पतंग दोन्ही होते म्हणूनच ते जमलं.

लोकसभेचं आणखी मजेशीर आहे. 2019 ला भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी 5,24,985 मतं घेऊन जिंकले. सुशीलकुमार शिंदे यांना 3,66,377 आणि वंचितकडून उभे राहिलेले प्रकाश आंबेडकर यांना 1,70,007. एमआयएम तेव्हा वंचितबरोबर होती. या दोघांची बेरीज विजेत्यापेक्षा अकरा हजारांनी जास्त होते. ही बेरीज नंतर सोलापुरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर झाली. 2024 ला वंचितच्या उमेदवारानं माघार घेतली, पतंगही नव्हता, आणि निकाल फिरला. बेरीज केली म्हणून ती सगळी मतं तशीच्या तशी सरकली असती असं नाही, काही जण घरीच बसले असते. पण समोर कोण उभं आहे ते बघून लोक ठरवतात, एवढं तर यातून दिसतं. हिंदू मतदार असं करतो तेव्हा त्याला 'सुज्ञ मतदार' म्हणतात. तुम्ही केलं की 'गठ्ठा'.

शहराचं जुनं एक आठवतं म्हणून सांगते. चार हुतात्मा चौकातून रोज जाता-येता आपण वर बघत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. 1930 च्या मार्शल लॉनंतर या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. मी वर्गात पोरांना ही नावं फळ्यावर लिहायला लावायची आणि विचारायची, यात आपला कोण? पोरं आपापल्या आडनावाजवळचं नाव शोधायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा वैतागून म्हणायचा, 'बाई, चारी.' मग पुढचा धडा.

प्रश्न : भवानी पेठेतलं भाड्याचं घर सोडून विडी घरकुलात येऊन सात वर्षं झाली. नाव अजून जुन्याच यादीत. दर वेळी रिक्षा करून जातो. शिवाय यादीत आडनाव भलतंच छापलंय. – विडी घरकुल

फॉर्म 8 भरा. पत्ता बदल आणि नावातली दुरुस्ती दोन्हीसाठी तोच. फॉर्म 6 पुन्हा भरू नका, तो नव्या मतदारासाठी आहे. दोन ठिकाणी नाव लागलं की उगाच भानगड. मोबाइलवरही भरता येतो, नाहीतर तुमच्या भागाची मतदारयादी बघणाऱ्या बीएलओला गाठा. आडनावाचं म्हणाल तर आमची तेलुगू आडनावं ऐकून मराठी टायपिस्टनं काय काय छापलंय याची एक वेगळी पुरवणी निघेल. माझं स्वतःचं आडनाव तीन याद्यांत तीन तऱ्हांनी होतं, आणि मी स्वतःच बीएलओ होते.

एक ऐका. जुन्या पेठेतला जो कार्यकर्ता दर वेळी तुम्हाला रिक्षा पाठवतो, तो तुम्हाला फॉर्म 8 ची आठवण कधीच करून देणार नाही.

प्रश्न : लग्न होऊन दोन वर्षं झाली. सासरी पाच मतं आहेत. सासरे मतदानाच्या आदल्या रात्री सगळ्यांना बसवून सांगतात, कुठलं बटण. म्हणतात, 'आपली पाच मतं फुटली तर गल्लीत किंमत राहत नाही.' माहेरी असं नव्हतं. मी वेगळं दिलं तर त्यांना कळेल का? – एक सून

कळणार नाही. हे तुला खात्रीनं सांगते, कारण या एका प्रश्नावर माझी तेहतीस वर्षं गेली आहेत.

पुठ्ठ्याच्या आडोशामागं तू एकटी असतेस. लोकसभा-विधानसभेला बटण दाबलंस की शेजारच्या पेटीच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आत पडते. ती फक्त तुला दिसते, घरी नेता येत नाही. रजिस्टरवर तुझी सही असते, तू आलीस एवढंच त्यातून कळतं, काय केलंस ते नाही. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा 'फोटो काढून आण' असं कुणी म्हटलं तर तेच कारण सांग. सासूबाईंना दिसत नाही म्हणून सासरे त्यांच्यासोबत आत जातो म्हणाले, तर तसा नियम खरंच आहे. अंध किंवा अपंग मतदाराला सोबती नेता येतो. पण एक सोबती एका दिवसात एकाच मतदाराचं मत देऊ शकतो आणि मत गुप्त ठेवीन असं त्याला लिहून द्यावं लागतं. 'घरातल्या सगळ्या बायकांचं मीच दाबतो' म्हणणारे मी गेटवरून परत पाठवले आहेत. एकदा एक जण चिडून म्हणाला, 'बाई, तुमचे मिस्टर कसे काय चालवून घेतात?' मागं उभी असलेली त्याची बायको तोवर आत जाऊन मत देऊन बाहेर आली होती.

बिडी वळून वळून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या बायका यायच्या. रजिस्टरवर ठसा उमटायचा नाही, नुसता निळा डाग. दोनदा-तीनदा घ्यावा लागायचा. त्यातली एक दर निवडणुकीला यायची. सोबत नवरा, मागं दोन पोरं, सगळे एकाच खिशाच्या चिठ्ठ्या घेऊन. ती मात्र आडोशामागं बाकीच्यांपेक्षा बराच वेळ लावायची. एकदा मी हळूच विचारलं, 'अक्का, मशीन कळत नाही का? सांगू का?' ती तेलुगूत म्हणाली, 'कळतं की. पण घरात एवढा वेळ एकटीला कुठं मिळतो?'

सासऱ्यांशी भांडू नकोस. आदल्या रात्री ते बसवतील तेव्हा बस, मान हलव, चहा दे. सकाळी सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहा. बायकांची रांग वेगळी असते, ती सहसा लवकर सरकते.